भरतीची वाट आणि झाडांचा हिशेब

समुद्रातून आत शिरलेली खाडी, तिच्या दोन्ही काठांना दाटलेले कांदळवन आणि ते वन कापत जाणारा, भराव घालून उंच केलेला रस्ता हे दृश्य किनाऱ्यावरच्या कोणत्याही वाढत्या शहराच्या वेशीवर दिसते. रस्ता बांधताना त्याच्या रुंदीत येणारी झाडे मोजून तोडली जातात आणि तो आकडा परवानगीच्या कागदावर चढतो. अशा रस्त्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहून दोन्हीकडे पाहावे. समुद्राच्या बाजूचे पाणी उतरलेले असते, उघड्या चिखलात खेकड्यांची बिळे दिसतात, निवट्या हे चिखलातले मासे उड्या मारत असतात. जमिनीच्या बाजूला पाणी तसेच तुंबलेले असते, गढूळ, तांबूस, वर पातळ तेलकट साय धरलेले. त्या बाजूची झाडे अजून हिरवीच असतात. काही वर्षांनी त्यांचे शेंडे पिवळे पडू लागतील, मग खोड वाळेल, आणि तोवर रस्त्याचे उद्घाटन इतके जुने झालेले असेल की या मरणाचा रस्त्याशी काही संबंध आहे असे कोणाच्या मनातही येणार नाही.

शहरांची वाढ आणि कांदळवने यांच्याविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड आणि जेसीबी येतो. ते स्वाभाविक आहे, कारण तोड डोळ्यांना दिसते, तिचे छायाचित्र काढता येते, तिच्यावर गुन्हाही नोंदवता येतो. माझे म्हणणे असे आहे की शहराकडून या वनांचे होणारे सर्वांत खोल नुकसान झाडाला हात न लावताच होते. भरती-ओहोटीच्या पाण्याची ये-जा अरुंद होते किंवा बंद पडते, जमिनीची पातळी थोडी वरखाली होते, आणि पुढचे काम वेळ करतो. आपले कायदे, परवानग्या आणि भरपाईच्या योजना मात्र झाडे मोजत बसतात. हा हिशेब झाडांवरून पाण्यावर आल्याशिवाय शहरालगतचे कांदळवन कितीही कडक बंदी घातली तरी टिकणार नाही.

यामागचे कारण झाडाच्या शरीररचनेतच आहे. जगात खारफुटीच्या सुमारे ७० जाती मानल्या जातात आणि त्या ज्या चिखलात उभ्या असतात त्यात पृष्ठभागाच्या थोडेसे खाली गेले तरी प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवर या खारफुटीच्या जातीच्या आडव्या पसरलेल्या मुळांतून पेन्सिलीएवढी श्वासमुळे सरळ वर येतात. झाडाभोवती चिखलात शेकडो खुंट्या ठोकल्यासारखी ती दिसतात आणि प्रत्येक खुंटीवर बारीक छिद्रे असतात. ओहोटीला ही छिद्रे उघडी पडतात, हवा आत जाते आणि खोल मुळांपर्यंत पोहोचते. भरतीला ती पाण्याखाली जातात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा होणारी ही उघडझाप म्हणजेच त्या झाडाचा श्वास. पाणी उतरलेच नाही, तर श्वासमुळे बुडून राहतात आणि झाड गुदमरते. पाणी आलेच नाही, तर उन्हाने चिखलातला ओलावा उडून जातो, मीठ मागे राहते आणि दरवर्षी साठत जाते. खारट जमिनीत जगण्यासाठीच घडलेले हे झाडसुद्धा एका मर्यादेपुढे ते सोसू शकत नाही. फ्लोरिडात या वनांच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचलेल्या रॉबिन लुईस यांनी वारंवार दाखवून दिले, की खारफुटी जिथे नैसर्गिकरीत्या वाढते तिथली जमीन एकूण वेळेच्या साधारण तीस टक्के किंवा त्याहून कमी काळच पाण्याखाली असते. उरलेला सगळा वेळ तिला उघडी हवा हवी असते. वीतभर उंचीच्या फरकाने हे गणित बिघडते. त्यामुळे रात्रीच्या अंधारात ओतलेला राडारोडा फांदीला धक्काही न लावता झाड मारू शकतो. श्वासमुळे त्याखाली गाडली गेली की पुरे.

रस्त्याने काय होते याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत नीट अभ्यासले गेलेले उदाहरण कोलंबियात आहे. कॅरिबियन किनाऱ्यावर सिएनागा ग्रांदे दे सांता मार्ता नावाचे विस्तीर्ण खारकच्छ, म्हणजे खाऱ्या पाण्याचा दलदलीचा प्रदेश, आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बारांकिया हे मोठे शहर आणि किनाऱ्यावरचे सिएनागा हे गाव जोडणारा महामार्ग समुद्र आणि कच्छ यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून नेला गेला. समुद्राचे पाणी ज्या तोंडांतून आत येत असे त्यांतली बहुतेक त्या भरावाखाली बुजली. पुढे १९७०च्या दशकात माग्दालेना नदीच्या काठाने बांध घालून आणखी एक रस्ता झाला आणि नदीचे गोडे पाणीही अडले. दोन्हीकडून कोंडलेल्या त्या चिखलातले क्षार काही ठिकाणी समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून अधिक झाले. १९५६ साली तिथे पन्नास हजार हेक्टरांहून अधिक कांदळवन होते. १९९५ पर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त नाहीसे झाले होते. दोन्ही रस्त्यांच्या पट्ट्यात प्रत्यक्ष तोडली गेलेली झाडे या नाशाचा अगदी किरकोळ भाग असणार. उभी वाळलेली हजारो झाडे आणि त्यांच्यामधून जाणारा गुळगुळीत रस्ता हे तिथले दृश्य अनेक वर्षे तसेच होते. मासेमारीवर जगणारी, पाण्यात खांबांवर वसलेली गावे त्याच कच्छात होती. रस्त्याचा फायदा ज्यांना झाला आणि किंमत ज्यांनी मोजली ते लोक वेगवेगळे होते, हेही नोंदवले पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी ते तसेच असतात.

सिंगापूरची कथा वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या बेटावर सुमारे ७५ चौरस किलोमीटर कांदळवन होते. आज दहा चौरस किलोमीटरही उरलेले नाही. समुद्रात भराव घालून वाढवलेली जमीन हे त्याचे एक कारण सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते: पिण्याच्या पाण्यासाठी नदीमुखांवर बंधारे घालून १९७० आणि १९८०च्या दशकांत तिथे जलाशय केले गेले, आणि बंधाऱ्याच्या आत भरती येणे थांबले तसे तिथले कांदळवनही संपले. पाण्याची गरज खरी होती, निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता, आणि तरीही परिणाम तोच झाला. जकार्ताच्या उत्तर किनाऱ्यावर शहराने जमिनीखालचे पाणी इतके उपसले की जमीनच खचत गेली. तिथे भरती अडवण्याऐवजी जमीन तिच्याखाली गेली, आणि उरलेल्या पट्ट्यांसमोर वाढणारे पाणी व पाठीमागे भिंत अशी स्थिती आहे.

आता कायद्यांकडे पाहू. भारतात या बाबतीत न्यायालयांनी केलेले काम मोठे आहे आणि ते मानलेच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीची तोड थांबवण्याचा आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. भोवतीच्या पन्नास मीटरांच्या संरक्षक पट्ट्यालाही त्या निकालाने बळ दिले. महाराष्ट्राने २०१२ साली वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला. या सगळ्याविना आज जे शिल्लक आहे तेही राहिले नसते. पण सार्वजनिक प्रकल्प आला की हीच व्यवस्था झाडांच्या आकड्यावर उतरते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी आधी सुमारे ५३,००० खारफुटी झाडे जाणार होती, ती संख्या सुमारे २२,००० पर्यंत खाली आणली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली. संख्या कमी झाली हे चांगलेच झाले. परंतु सार्वजनिक चर्चा जवळजवळ पूर्णपणे त्या दोन आकड्यांभोवती फिरली. २०१९च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत तर, अशा कामात जितके कांदळवन बाधित होईल त्याच्या किमान तिप्पट क्षेत्रावर अन्यत्र भरपाईची लागवड करावी, असे म्हटले आहे. या नियमातला ‘अन्यत्र’ हा शब्द मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. खाडीचे तोंड अन्यत्र नेता येत नाही, आणि त्या खाडीवर जगणारे मासे व माणसेही अन्यत्र नेता येत नाहीत.

शिवाय ही ‘अन्यत्र’ जागा कोणती असते? किनाऱ्यावर ज्या जमिनीला मालक आणि भाव आहे ती लागवडीसाठी मिळत नाही. मिळतो तो भरतीरेषेच्या खालचा उघडा चिखल, कारण त्यावर कोणाचा सातबारा नसतो. तिथे आधीपासून कांदळवन नसेल तर त्याला कारण असते: तो चिखल बराच काळ पाण्याखाली असतो, लाटा लागतात, रोप श्वास घेऊ शकत नाही. तरी लागवड तिथेच होते, आणि बहुधा कांदळ या एकाच जातीची होते. त्याचे बी झाडावर असतानाच अंकुरते आणि लांब हिरव्या शेंगेसारखे रोप फांदीला लोंबत राहते. ते उचलून चिखलात खुपसले की काम झाले. सकाळभरात शेकडो माणसे हजारो रोपे खोचतात, सरळ रांगा दिसतात, छायाचित्र छान येते. त्यामागची तळमळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. फिलिपाईन्समध्ये अशा मोठ्या लागवडींचा आढावा घेणाऱ्या संशोधकांनी २००८ साली लिहिले, की दीर्घकाळ टिकणारी रोपे साधारण दहा ते वीस टक्केच आहेत. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर झालेल्या लागवडींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात पाहणी केलेल्या २३ ठिकाणांपैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत सापडले नाही. आणि जिथे रोपे जगतात तिथेही एक हानी होऊ शकते: तो उघडा चिखल म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांची चरण्याची जागा असते, तिच्यावर आपण एकाच जातीची वाडी उभी करतो.

याच्या उलट बाजूला लुईस यांचा वेस्ट लेक येथील प्रयोग ठेवून पाहावा. फ्लोरिडातल्या हॉलिवूड या शहराजवळ पूर्वी खणकामाची माती टाकून बिघडवलेले सुमारे ५०० हेक्टरांचे क्षेत्र होते. त्यांनी ती माती खरवडून जमीन योग्य पातळीवर आणली, भरतीला आत येण्यासाठी ओढे खणले आणि रोपांची लागवड जवळपास केलीच नाही. शेजारच्या जिवंत झाडांची बिये भरतीबरोबर तरंगत आली, आपापल्या उंचीच्या जागी रुजली आणि वन उभे राहिले. जातींची निवड पाण्याने केली, म्हणून ती बरोबर झाली. कामाचा खर्च यंत्रांवर आणि मोजमापावर झाला. रोपे लावणाऱ्या हातांचे छायाचित्र त्यात नव्हते, आणि मला वाटते की अशी कामे लोकप्रिय न होण्याचे एक कारण तेही असावे.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. जगातल्या कांदळवनांच्या ऱ्हासात शहरांचा वाटा खरोखर मोठा आहे का? उपग्रहचित्रांवरून २००० ते २०१६ या काळातील हानीचा जो जागतिक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार सुमारे ६२ टक्के हानी माणसाच्या जमीनवापरामुळे झाली, आणि तिच्यातला फार मोठा भाग कोळंबीची तळी, भातशेती व तेलताडाची लागवड यांचा होता. वस्त्या आणि शहरे यांच्याखाली थेट गेलेले क्षेत्र तीन टक्क्यांच्या आसपास भरले. म्हणजे क्षेत्रफळाने पाहिले तर शहर हा लहान अपराधी आहे. परंतु कोळंबीचे तळे ओस पडले, तर त्याचा बांध फोडून पाणी परत आत घेता येते आणि काही वर्षांत तिथे रोपे दिसू लागतात. भराव घालून, पाया घेऊन, मालकी हक्क वाटून झालेली जमीन समुद्राला परत देण्याचे उदाहरण शोधूनही क्वचितच सापडेल. शिवाय शहराची सावली त्याच्या सीमेपेक्षा लांब पडते. कोलंबियातला तो महामार्ग अशा हिशेबात एक बारीक रेघ म्हणून येईल. त्याने मारलेले वन ‘वस्ती’च्या खात्यावर पडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो आकड्यांनिशी येतो: काही शहरांलगत खारफुटी वाढते आहे. हे खरे आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या परिसरातील अनेक खाड्यांत चढावरची जमीन मोकळी केल्याने वाहून आलेला गाळ साचला आणि त्यावर खारफुटी पसरली. ठाण्याच्या खाडीतही गाळाने भरत चाललेल्या चिखलावर तिवर पुढे सरकताना दिसतो, आणि त्याच खाडीचा चिखल रोहित पक्ष्यांना चरायला हवा असतो. नकाशावर हिरवा रंग वाढतो तेव्हा बहुधा खाडी उथळ आणि अरुंद होत असते, म्हणजे पाणी सामावण्याची तिची जागा घटत असते. सांडपाण्याचेही तसेच आहे. त्यातल्या नत्रामुळे झाडे वर जोमाने पालवतात आणि पाहणाऱ्याला वाटते की घाण त्यांना मानवते. पण आयते अन्न मिळालेले झाड मुळांपेक्षा फांद्यांवर जास्त खर्च करते; कोरडे वर्ष आले आणि चिखलातले क्षार वाढले की अशीच झाडे जास्त मरतात, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले आहे. हिरवेपणा पाहून प्रकृती ठरवणे इथे फसवे ठरते.

या वनांचा शहराला होणारा उपयोग आता पुष्कळ वेळा सांगून झाला आहे. शंभर मीटर रुंदीचे दाट कांदळवन लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांपर्यंत कमी करते, हा आकडा पुरेसा बोलका आहे. मला त्यापेक्षा पावसाच्या पाण्याविषयी बोलावेसे वाटते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसाने कोणतेही शहर बुडाले असते. पण मिठी नदीच्या मुखाजवळची खाजणे, जिथे असे पाणी पसरून ओहोटीची वाट पाहत थांबले असते, ती आधीच्या दशकांत भराव घालून बांधकामासाठी घेतलेली होती. ज्या पाण्याला थांबायला चिखल उरला नाही ते घरांत थांबले. पाण्याला जागा ठेवायची की नाही हा निर्णय शहराच्या हाती नसतोच. कोणती जागा एवढेच त्याच्या हाती असते.

समुद्राची वाढती पातळी हा प्रश्न आणखी तातडीचा करते. कांदळवन पाण्याबरोबर वर येऊ शकते, कारण ते गाळ धरून आणि मुळे वाढवून आपल्याखालची जमीन उंचावत जाते. जुन्या गाळाच्या अभ्यासावरून असे दिसते, की पातळी वर्षाला सहा-सात मिलिमीटरहून वेगाने वाढू लागली तर ही शर्यत त्याला जमत नाही. सध्या जागतिक वेग चार मिलिमीटरच्या थोडा वर आहे. मग उरतो तो मागे सरकण्याचा मार्ग. सपाट किनाऱ्यावर पाचशे मीटरांत एक मीटर इतका चढ असेल, तर पातळी तीस सेंटिमीटरने वाढली की भरतीरेषा दीडशे मीटर आत जाईल. पन्नास मीटरांचा संरक्षक पट्टा हा आजच्या रेषेपासून मोजलेला आहे. त्याच्या पलीकडे भिंत, रस्ता किंवा इमारत उभी राहिली, तर आज वाचवलेले वन उद्या पुढून पाण्याने आणि मागून सिमेंटने दाबले जाईल. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ साली केलेल्या मूल्यमापनात जगातल्या कांदळवनांच्या निम्म्या परिसंस्था धोक्यात असल्याचे म्हटले, त्यात हवामानबदल आणि समुद्राची वाढती पातळी ही मोठी कारणे होती.

मागची जमीन मोकळी ठेवायची म्हटले की बोट लगेच तिथल्या झोपड्यांकडे जाते. हे मला अन्यायाचे वाटते. शहराने ज्यांना दुसरीकडे परवडणारे घर ठेवले नाही ती माणसे खाडीच्या काठाला येतात, आणि पहिल्या उधाणात त्यांच्याच घरात पाणी शिरते. त्यांनी कचरा आणि राडारोडा टाकून उंच केलेली जमीन कांदळवनाला मारते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खाडीचे तोंडच आवळणारा भराव, डेपो, मालाची गोदामे आणि जोडरस्ते यांना नकाशावर ‘पायाभूत सुविधा’ म्हणून रंग दिला जातो आणि त्यांच्यापाशी कोणी बोट नेत नाही. त्या वस्त्यांना जवळच, उंच जागी पक्की घरे देणे हा माझ्या मते कांदळवन वाचवण्याच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे.

मग परवानगी देणाऱ्याने काय विचारावे? खाडी ओलांडायची असेल तर रस्ता भरावावर न घालता खांबांवर न्यावा, हा पहिला आग्रह असला पाहिजे, आणि तो महाग पडतो म्हणून सोडून देण्याआधी भरावामागच्या मरणाऱ्या वनाचा खर्च त्यात धरलेला असावा. भराव टाळताच येत नसेल, तर मोऱ्यांची संख्या आणि रुंदी पावसाच्या निचऱ्यावरून ठरवणे पुरेसे नाही. उधाणाच्या दिवशी त्या तोंडातून किती पाणी आत येते आणि सहा तासांत किती बाहेर जाते, हे काम सुरू होण्याआधी वर्षभर मोजले गेले पाहिजे. रस्ता झाल्यावर दोन्ही बाजूंना पाण्याच्या पातळीच्या पट्ट्या उभ्या कराव्यात आणि त्यांच्या नोंदी लोकांसमोर असाव्यात. दोन्हीकडचे पाणी एकाच वेळी चढत-उतरत नसेल, तर झाड पिवळे पडण्याच्या कितीतरी आधी ते कोळ्यालाही कळेल आणि अभियंत्यालाही. त्या टप्प्यावर एक मोरी वाढवणे पुरते. झाडे वाळल्यानंतर पुरत नाही. भरपाई द्यावीच लागली, तर ती त्याच खाडीत, तुटलेला प्रवाह जोडून द्यावी, आणि तिचे यश रोपांच्या संख्येवर न ठरवता पाच वर्षांनंतर तिथे आपोआप किती बिये रुजली यावरून ठरवावे.

सिएनागा ग्रांदेत हे शेवटी करून पाहिले गेले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात नदीकडून कच्छात येणारे जुने ओढे खणून उघडले गेले, गोडे पाणी आत आले, क्षार उतरले, आणि वाळलेल्या खोडांच्या पायथ्याशी हजारो हेक्टरांवर पुन्हा रोपे दिसू लागली. पुढे त्या ओढ्यांतला गाळ नियमित काढण्याचे काम मंदावले, ओढे भरत गेले आणि काही भागांत क्षार परत चढले, झाडे परत मरू लागली. गाळ काढण्याचा तो खर्च दरवर्षी करावा लागतो. तो कोणत्या खात्यातून, कोणाच्या सहीने आणि किती वर्षे होणार, हे रस्त्याच्या निविदेतच, डांबराच्या आणि दिव्यांच्या देखभालीशेजारी लिहिलेले असले पाहिजे.